जुन्या विटांचा वीट का यावा?

शाळेची पडकी खोली पाडण्याचे काम चालू असले म्हणजे शेजारच्या वर्गातील मुलांचे लक्ष फळ्याकडे राहत नाही. जिल्हा परिषदेच्या एका शाळेत काही दिवसांपूर्वी हे दृश्य पाहण्याचा योग आला. धोकादायक ठरलेल्या वर्गखोलीचे रीतसर निर्लेखन झाले होते, मालाचा लिलाव झाला होता, आणि घेणाऱ्याचा जेसीबी सकाळी येऊन दुपारपर्यंत परतलाही होता. त्याने पत्रे नेले, लोखंडी कैच्या नेल्या, दारे-खिडक्यांच्या सागवानी चौकटी नेल्या. विटा मात्र नेल्या नाहीत. त्या राडारोड्यासह शाळेमागच्या ओढ्यात लोटून दिल्या गेल्या. मुख्याध्यापकांनी त्यातील एक वीट उचलून दाखविली. तिच्यावरचा चुन्याचा थर नखाने सुटत होता, आणि दुसऱ्या विटेवर वाजविली तर ती खणखणीत वाजत होती. “याच शाळेच्या कुंपणासाठी आम्ही नव्या विटा मागितल्या आहेत,” ते म्हणाले, “आणि त्या मंजूरही झाल्या आहेत.” बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. नियमांच्या चौकटीत सारी नोकरी घालविलेल्या माणसाचा तो समंजस विषाद होता.

गोष्ट लहान आहे, हे खरे. परंतु जुन्या वाड्यांच्या, चाळींच्या, कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या जागी नव्या इमारती उठविण्याचा जो उद्योग गावोगावी चालू आहे, त्यात हीच लहान गोष्ट दररोज शेकडो ठिकाणी घडत असते. लाकूड विकले जाते, लोखंड विकले जाते, फरशीलाही गिऱ्हाईक मिळते. विटेला मात्र ओढा, खाण किंवा नदीपात्र दाखविले जाते. ज्या वस्तूने पन्नास-साठ वर्षे निमूटपणे छप्पर तोलले, तिचा आपल्याला एका दुपारीत वीट येतो, हे आपल्या काटकसरीच्या परंपरेला शोभणारे नाही.

थोडा हिशेब

शिक्षक आणि कारकून या दोन्ही वर्गांचा हिशेबाशी नित्याचा संबंध असतो. म्हणून प्रथम हिशेबच मांडू. आतून सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी नऊ इंची भिंतींची एक वर्गखोली घ्या. दारे-खिडक्या वजा जाता तिच्यात सुमारे १३ घनमीटर वीटकाम भरते. घनमीटरला ५०० विटा धरल्या, तर एका खोलीत साडेसहा हजार विटा होतात. पाडकामात आणि साफसफाईत निम्म्याहून अधिक तुटल्या, फुटल्या किंवा लोणा लागलेल्या म्हणून बाजूला काढल्या, तरी तीन हजार विटा हाती राहतात. दीड मीटर उंचीची, नऊ इंच जाडीची, सुमारे अठरा मीटर लांब कुंपणभिंत त्यांतून उभी राहते. म्हणजे ज्या कुंपणासाठी नव्या विटांची मागणी झाली, त्याचा एक मोठा भाग त्या दुपारी ओढ्यात गेला.

आता याच तीन हजार विटा नव्या करावयाच्या म्हटल्या, तर काय लागते? एका विटेचे वजन सुमारे तीन किलो. म्हणजे नऊ टनांहून अधिक माती. आणि ही माती कोणती? शेताच्या वरच्या थरातील, नदीकाठच्या गाळाची. जी तयार व्हावयास शतके लागतात आणि खणून न्यावयास एक हंगाम पुरतो. पैशाच्या निकडीने शेतकरी आपल्या शेताची माती भट्टीवाल्याला विकतो आणि पुढे अनेक वर्षे उताऱ्याला मुकतो. शिवाय भाजणे आले. उत्तम भट्टीतही हजार विटांना दीडशे किलोच्या आसपास कोळसा जळतो. आपल्याकडे अजूनही सर्रास दिसणाऱ्या उघड्या रचाईच्या भट्ट्यांत याहून पुष्कळ अधिक जळण लागते. तीन हजार विटा म्हणजे जवळजवळ अर्धा टन कोळसा, आणि त्याचा धूर. विटांच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो, आणि देशातील वार्षिक उत्पादन दोनशे अब्ज विटांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरातील विटांत राख मिसळण्याची सक्ती करणारी अधिसूचना केंद्र सरकारने १९९९ साली काढली, ती ही माती वाचविण्यासाठीच. पण माती वाचविण्याचा याहून सोपा मार्ग, म्हणजे एकदा भाजलेली वीट फेकून न देणे, याकडे कोणत्याही अधिसूचनेचे लक्ष फारसे गेले नाही.

मातीइतकाच माणसांचाही हिशेब आहे. दिवाळी उलटली की कातकरी आणि इतर भूमिहीन कुटुंबे उचल घेऊन भट्ट्यांवर जातात, आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शाळांच्या हजेरीपटांवर कार्तिकानंतर ज्या मुलांच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा लागत जातात, त्यांतील कित्येक मुले त्या वेळी कोठे असतात, हे ग्रामीण भागातील शिक्षकांना सांगावयास नको. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. उचलीचा पाश मात्र त्यानंतरही सुटला नाही. प्रत्येक नव्या विटेवर कोणाच्या तरी हातांचे ठसे असतात, आणि ते हात नेहमीच प्रौढ माणसाचे असतात असे नाही. अशी वीट ओढ्यात लोटताना आपण निव्वळ माती लोटतो, असे समजण्याचे कारण नाही.

काटकसर आणि लूट

जुनी वीट पुन्हा वापरण्याची कल्पना काही नवी नव्हे. मनुष्य विटा भाजू लागला तेव्हापासून तो पडक्या घराच्या विटा नव्या घराला लावीत आला आहे. मात्र या परंपरेला एक काळी बाजूही आहे, आणि ती लपवून या प्रथेची वकिली करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

वाराणसीजवळच्या सारनाथ येथे १७९४ साली जगतसिंह नावाच्या दिवाणाने जगतगंज या नव्या पेठेच्या बांधकामासाठी विटा हव्यात म्हणून धर्मराजिका स्तूप खणून काढला. त्यात दगडी पेटीत ठेवलेला अस्थिकरंडक सापडला आणि त्यामुळे ही हकिकत इतिहासाला ठाऊक झाली. स्तूपाचा मात्र पायाच तेवढा उरला. पंजाबात याहून मोठा प्रकार घडला. लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या खाली खडी म्हणून घालण्यासाठी १८५०च्या दशकात हडप्पाच्या टेकाडांतील विटा गाड्या भरभरून नेण्यात आल्या. सुमारे १०० मैलांच्या मार्गाला पुरतील इतक्या विटा तेथून गेल्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी पुढे नमूद केले आहे. जाडी, रुंदी आणि लांबी यांचे एकास दोनास चार हे प्रमाण काटेकोर पाळणाऱ्या त्या विटा चार हजारांहून अधिक वर्षांच्या आहेत आणि एका संपूर्ण संस्कृतीचा पुरावा आहेत, हे १९२१ साली दयाराम साहनी यांनी उत्खनन सुरू केल्यानंतर जगाला उमगले. तोवर पुराव्याचा मोठा भाग आगगाडीच्या चाकांखाली गेला होता.

तेव्हा जुन्या विटेचा पुनर्वापर हा स्वयमेव पुण्यकारक नसतो. जी वास्तू टिकवावयास हवी ती विटांसाठी पाडणे ही लूट होय. जी वास्तू पडणारच आहे तिच्या विटा वाचविणे ही काटकसर होय. आपल्या जुन्या शहरांतील वाड्यांच्या बाबतीत हा विवेक विशेष लागतो. दगडी जोत्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा आणि त्यात चुना-मातीत रचलेल्या पातळ, पक्क्या भाजणीच्या विटा, अशी ही घरे. त्यांतील जी वारसा म्हणून राखता येतील ती राखावीत. राखलेल्या वाड्याच्या डागडुजीला मात्र त्याच मापाची, त्याच काळाची वीट लागते. आणि ती बाजारात नवी मिळत नाही. शेजारचा वाडा पडताना कोणी ती जपून ठेवली असेल, तरच मिळते. म्हणजे लूट टाळण्यासाठीसुद्धा काटकसर हवी.

या काटकसरीची मोठी उदाहरणे परदेशांतही आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतील उद्ध्वस्त शहरांत बायकांनी हातोडीने एकेक वीट साफ करून रचून ठेवली, आणि त्याच विटांतून पुन्हा घरे उठली. जो राडारोडा कशाच्याच कामाचा नव्हता, त्याची बर्लिनमध्ये एक टेकडी झाली. ती आजही उभी आहे. चीनमध्ये निंगबो येथील संग्रहालयाच्या भिंती वांग शू या वास्तुविशारदाने पाडल्या गेलेल्या खेड्यांच्या विटा-कौलांतून रचल्या. ते २००८ साली खुले झाले आणि २०१२ साली या वास्तुविशारदाला प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. डेन्मार्कमध्ये तर कंपने देऊन विटांवरचा जुना चुना झटकून टाकणारी यंत्रे आहेत आणि साफ केलेली वीट तपासून, प्रमाणित करून विकली जाते. आपल्याकडे लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला जन्मभर हाच धडा गिरविला. रॅट-ट्रॅप नावाच्या पोकळ रचनेने भिंतीतील सुमारे चतुर्थांश विटा कशा वाचतात हे त्यांनी दाखविले, आणि जुनी दारे, खिडक्या, कौले, विटा यांना नव्या घरात मानाची जागा दिली.

चुना सुटतो, सिमेंट सुटत नाही

मग अडचण कोठे आहे? पहिली अडचण सिमेंटची. चुन्याचा सांधा विटेहून मऊ असतो. भिंत उतरविताना तो आधी सुटतो आणि वीट अखंड हाती येते. मातीच्या सांध्याचे तर विचारावयासच नको. सिमेंटचा सांधा मात्र विटेहून चिवट असतो. घाव घातला तर आधी वीट फुटते. चुन्यातील घर पुढच्या पिढीच्या हाती विटांची ठेव ठेवून जात असे. सिमेंटमधील घर राडारोडा ठेवून जाते. आपण घरे अधिक मजबूत बांधली यात शंका नाही. पण ती कधीतरी उतरवावी लागतील, याचा विचार बांधताना केला नाही. गेल्या अर्धशतकातील इमारतींच्या विटा म्हणूनच फारशा वाचणार नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु आज ज्या शाळा, ज्या चाळी, ज्या कचेऱ्या, जे वाडे पडत आहेत, त्यांतील कितीतरी चुन्याच्या काळातले आहेत. ही शेवटची संधी आहे. आणखी वीस वर्षांनी वाचविण्याजोगे फारसे उरणार नाही.

दुसरा आक्षेप मजबुतीचा. जुन्या विटांवर भरवसा ठेवावा काय, असे अभियंते विचारतात. आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. परंतु जुन्या विटेची परीक्षा नव्या विटेसारखीच घेता येते. दोन विटा एकमेकींवर वाजवाव्यात. एक मीटर उंचीवरून वीट जमिनीवर टाकून पाहावी. नखाने ओरखडा उठतो का, हे बघावे. चोवीस तास पाण्यात ठेवून वजन करावे. साधारण प्रतीच्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असे भारतीय मानक सांगते. मोरीच्या किंवा जोत्याजवळच्या भिंतीतील लोणा लागलेल्या विटा बाजूला काढाव्यात. शंका असेल तेथे प्रयोगशाळेत दाबाची परीक्षा करावी. इतके करूनही ज्यांचा धीर होणार नाही, त्यांनी या विटांवर मजले चढवू नयेत. पण काँक्रीटच्या सांगाड्यात भरलेल्या भिंतीवर, कुंपणावर, बागेच्या वाटेवर इमारतीचा भार नसतो. तेथे जुनी वीट नाकारण्यास काय कारण आहे? आणि जी वीट फुटली तीही वाया जात नाही. तिचे तुकडे गच्चीच्या कोब्याला लागतात आणि तिच्या भुकटीची सुरखी चुन्यात मिसळण्याची विद्या आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तोच खरा आहे. जेसीबी दुपारपर्यंत खोली पाडतो. चार बिगारी तीच खोली उतरवावयास आठवडा घेतात. विटा साफ करण्याची मजुरी, रचून ठेवावयास जागा, वाहतूक, हे सारे जमेस धरले की नवी वीट स्वस्त वाटू लागते. पण ती स्वस्त का वाटते? शेताचा गेलेला थर, भट्टीचा धूर, ओढ्यात साचलेल्या ढिगामुळे पावसाळ्यात गावात शिरणारे पाणी आणि शाळा सुटलेले मूल, यांपैकी कशाचीही किंमत विटेच्या दरात धरलेली नसते म्हणून. जी किंमत विकणारा घेत नाही आणि घेणारा देत नाही, ती तिसराच कोणीतरी भरीत असतो. शिवाय विटा साफ करणे हेही कामच आहे, आणि ते गावातच मिळणारे काम आहे. त्याची मजुरी रास्त असावी आणि धुळीपासून नाकातोंडाचे रक्षण व्हावे, एवढी काळजी घेतली, तर उचल घेऊन परमुलखात जाण्यापेक्षा ते वाईट खास नाही.

कायदा आहे, दृष्टी नाही

या बाबतीत कायदा नाही असेही नाही. बांधकाम आणि पाडकामातील कचऱ्याविषयी केंद्र सरकारने २०१६ साली नियम केले. एका दिवसात २० टनांहून किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा करणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असे चार भाग वेगळे करावयाचे, असे त्यांत सांगितले होते. आपल्या वर्गखोलीचे १३ घनमीटर वीटकाम २० टनांहून अधिक भरते. म्हणजे एका दुपारीत यंत्राने पाडलेली शाळेची एक खोलीसुद्धा या नियमाच्या कक्षेत येत होती! २०२५ साली नवे नियम जाहीर झाले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांच्या उत्पादकांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकली गेली. पाऊल योग्य आहे. परंतु गावची शाळा, तालुक्याची कचेरी आणि पेठेतील वाडा या मापात बसत नाहीत.

दुसरे असे की, या साऱ्या व्यवस्थेचा ओढा विटा दळण्याकडे आहे. दिल्लीत बुराडी येथे २००९ साली असा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला, आणि नंतर इतर शहरांनीही तो मार्ग धरला. राडारोडा भरडून त्याची खडी, वाळू आणि पदपथाचे ठोकळे करणे हे ओढ्यात लोटण्यापेक्षा शतपटीने चांगले आहे. पण अखंड वीट भरडून तिची खडी करणे म्हणजे धडका सदरा फाडून त्याचे पायपुसणे करण्यासारखे आहे. सदरा फाटल्यावर पायपुसणे जरूर करावे. तोवर तो अंगात घालावा.

तेव्हा काय व्हावे? मागण्या मोठ्या नाहीत. पाडकामाच्या परवानगीबरोबर काय उतरविणार आणि काय पाडणार, याची यादी नगरपालिकांनी मागावी. चुन्याच्या किंवा मातीच्या सांध्यातील भिंती हाताने उतरविण्याची अट घालावी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत वीटकाम पाडण्याच्या कलमातच उपयुक्त माल रचून ठेवण्याचा अंतर्भाव आहे. सरकारी पाडकामात त्या शब्दांचा अंमल व्हावा आणि विटा साफ करण्याचा दर त्यात स्वतंत्रपणे धरला जावा. प्रत्येक शहरात जुन्या मालाची एक वखार असावी, जेथे विटा मोजून, पारखून, प्रतवार रचून ठेवलेल्या असतील, आणि घर बांधणाऱ्या गरिबाला फसगतीच्या भीतीविना त्या घेता येतील. आज तो जुन्या विटा घेतो, पण चांगल्या-वाईटाची पारख करून देणारा कोणी नसतो.

आणि शाळांच्या निर्लेखनाच्या पद्धतीत एक साधी दुरुस्ती व्हावी: लिलावापूर्वी शाळेला तिच्याच इमारतीच्या विटा, फरशा आणि चौकटी मागण्याचा पहिला हक्क असावा. कागदोपत्री मोडीत निघालेल्या मालाची किंमत लिलावात किती येते, हे कचेऱ्यांतील कोणत्याही कारकुनाला विचारावे. त्या रकमेसाठी शाळेची ठेव ओढ्यात लोटण्यात जिल्हा परिषदेचे कोणते हित साधते? मुलांनाही एक धडा यातून मिळेल. पर्यावरणाच्या तासाला फळ्यावर लिहिलेली वाक्ये मुले परीक्षेनंतर विसरतात. पण आजोबा ज्या भिंतीला टेकून पाढे म्हणत होते, तिच्याच विटांचे कुंपण आपल्या शाळेला आहे, हे ती विसरणार नाहीत.

पुंडलिकाने दाराशी आलेल्या देवाला उभे राहण्यासाठी वीट भिरकावली, असे आपण मानतो. ती त्याने बाजारातून मागविली नव्हती. हाताशी होती ती दिली, आणि देवाने ती चालवून घेतली. आपल्याही हाताशी विटा आहेत. त्या उचलावयाच्या की ओढ्यात लोटावयाच्या, एवढाच प्रश्न आहे. आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी त्याचे उत्तर दिलेले बरे.